ॲडलेडचा ‘शोडाउन’ पाहायला जाताना

‘शोडाउन’ म्हणजे पोर्ट ॲडलेड आणि ॲडलेड क्रोज या ॲडलेडच्याच दोन ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल क्लबांमधला सामना. त्यांचं हे वैर 1997 पासूनचं. पहिला सामना पोर्टने 11 गुणांनी मारला.

आधी कपडे ठरवा. काळा-पांढरा-टील म्हणजे पोर्ट. गडद निळा-लाल-सोनेरी म्हणजे क्रोज. रेल्वे स्टेशनमागच्या पुलावरून टॉरेन्स नदी ओलांडली की समोरच ॲडलेड ओव्हल मैदान. पोर्टचा यजमान सामना असेल तर लवकर बसा: खेळ सुरू होण्याआधी हजारो मफलर दोन्ही हातांनी डोक्यावर ताणले जातात, ते चुकवू नकाच.

नवखे फसतात ते धावफलकावर. मधल्या दोन खांबांमधून गेला तर गोल, त्याचे 6; बाजूच्या खांबांमधून गेला तर बिहाइंड, त्याचा 1. फलकावर आधी गोल, मग बिहाइंड, कंसात एकूण गुण. म्हणून 9.14 (68) हा 10.5 (65) ला हरवतो. कंसातलाच आकडा बघा. शेजारी विरोधी चाहता असणारच. पंचांवर ओरडा, त्याच्यावर नको.