जेलमधून सुटलात? आधी यादीत नाव बघा

कोल्हापूरच्या कळंबा जेलमध्ये मोफत कायदेशीर सल्ला द्यायला जाते, तेव्हा सुटकेच्या बेतात आलेला कुणी ना कुणी विचारतोच, "मॅडम, आपलं मतदान आता कायमचं बंद ना?"

बंद नाही. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ६२(५) एवढंच म्हणतं, की तुरुंगात किंवा पोलीस कोठडीत असेपर्यंत मत देता येत नाही. बाहेर पडलात की ती आडकाठी संपली. जामिनावर असलात तरी. त्यासाठी ना अर्ज, ना कोर्टाचा हुकूम. गावात जी 'सहा वर्षांची बंदी' ऐकू येते ती निवडणूक लढवण्यावरची: दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झालेल्याला सुटकेनंतर सहा वर्षं उभं राहता येत नाही.

घोडं अडतं ते मतदार यादीत. २०१३ च्या दुरुस्तीनं स्पष्ट केलंय, की आत आहे एवढ्यावरून कुणी मतदार म्हणून बाद होत नाही. पण होतं काय? करवीर तालुक्यातल्या एका घरी बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारे कर्मचारी, पडताळणीला आले. वहिनीनं दारातूनच सांगितलं, "भाऊजी इथं नसतात." जेलचं नाव काढायची लाज. बीएलओंनी 'स्थलांतरित' लिहिलं आणि नाव गेलं. मतदार कार्ड मात्र कपाटात शाबूत. नुसत्या कार्डावर मतदान होत नाही, यादीत नाव लागतं.

म्हणून पहिलं काम: निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर कार्डावरचा नंबर टाकून शोधा. कार्ड हरवलं असेल तर नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख टाका, आणि स्पेलिंग उलटसुलट करून बघा. मोबाइल जमत नसेल तर १९५० ला फोन लावा.

नाव जुन्या पत्त्यावर असेल तर पत्ता बदलायचा फॉर्म ८. कुठंच नसेल तरच नाव नोंदवायचा फॉर्म ६. एका ठिकाणी नाव असताना दुसरीकडं फॉर्म ६ भरू नका. खोट्या घोषणेला एक वर्षापर्यंत कैद आहे, आणि तुम्हाला ते परत नकोच. फॉर्म ६ मध्ये शिक्षेचा रकाना नाही, कुणी विचारलं तर शांतपणे फॉर्म दाखवा. पत्त्यासाठी आधार, पासबुक किंवा लाइटबिल चालतं. बीएलओ येतील त्या वेळी घरी थांबा, आणि घरच्यांना आधीच सांगून ठेवा काय बोलायचं ते. अर्जाचा क्रमांक लिहून ठेवा. नामंजूर झाला तर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडं अपील करता येतं.

एक अपवाद आहे. मतासाठी पैसे वाटणं, दुसऱ्याच्या नावानं मत टाकणं अशा निवडणुकीच्याच गुन्ह्यात शिक्षा झाली असेल, तर त्याच कायद्याच्या कलम ११-अ खाली सहा वर्षं मतदानच बंद. ती मुदतीआधी उठवायची तर इथं मात्र खरोखर अर्ज करावा लागतो: कलम ११-ब नुसार ही बंदी उठवायचा अधिकार निवडणूक आयोगाला आहे. ती उठली की कापलेलं नाव परत घ्यावं लागतं. असं प्रकरण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, एकट्यानं कागद रंगवू नका.

आणि हे सगळं निवडणूक जाहीर व्हायच्या आधी उरका. झेडपी, महापालिकेला विधानसभेचीच यादी वापरतात, पण एका ठरलेल्या तारखेपर्यंतची. त्यानंतर नाव लागलं तर ते पुढच्या निवडणुकीला.