सिम काढून एक रात्र: मोडेमवरच्या कंट्रोलरच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

सावद्याच्या पहिल्या साइटवर काकांनी मला लॅपटॉप बॅगेतून काढूच दिला नाही. काका म्हणजे नात्यातले नव्हेत. पॅनलच्या कामातले जुने मिस्त्री, जळगावात सगळेच त्यांना काका म्हणतात. केळी पिकवायचं चेंबर होतं, चार खोल्यांचं. मालकाला जळगावातल्या घरी बसून मोबाइलवर तापमान बघायचं होतं, म्हणून आम्ही कंट्रोलर (तापमान बघून यंत्रं चालू-बंद करणारी पेटी) आणि मोडेम (सिमवरून तिचे आकडे बाहेर पाठवणारी पेटी) घेऊन गेलेलो. काका म्हणाले, "आधी दोन तास इथं बस. काय काय आपोआप चालू-बंद होतं ते लिहून दे मला."

मी डिप्लोमा करून आलेला, मला अपमानच वाटला. पण बसलो. कॉम्प्रेसर बंद झाल्यावरही आतले पंखे फिरत राहतात, दार उघडलं की दोन मिनिटांत हवा तीन अंशांनी चढते, लाइट जाऊन आली की सगळी यंत्रं एकदम उठायला बघतात. हे सगळं त्या दोन तासांत दिसलं. वही काकांना दाखवली तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "यातलं काय मोडेमशिवाय चालायला पाहिजे?" मी विचार करून म्हणालो, "सगळंच." मग त्यांनी लॅपटॉप काढू दिला.

या कामाला येणाऱ्या मुलांना मी आता तेच विचारतो. आपल्याकडे रावेर-सावदा-यावल पट्ट्यात केळीची चेंबरं आणि कोल्ड स्टोअरेज आहेत, जळगाव-धुळ्याच्या एमआयडीसीत गोदामं आहेत, हॉस्पिटलांचे एसी प्लँट आहेत. सगळीकडे मागणी एकच: लांबून दिसलं पाहिजे. नवीन मुलगा लगेच मोडेमच्या मागे लागतो, कारण ते दिसायला भारी. पण तापमानाचा आकडा, वेळापत्रक, कॉम्प्रेसर किती मिनिटांनी परत चालू करायचा, हे सगळं कंट्रोलरच्या पोटात असलं पाहिजे. मोडेम फक्त निरोप आणतो-नेतो. मी कुठलंही चेंबर हवाली करण्याआधी सिम काढून एक पूर्ण रात्र ते तसंच चालवतो. सकाळी आतलं सगळं जागच्या जागी असेल तरच सिम परत घालतो.

आता केळीबद्दल थोडं, कारण आकडे माहीत नसतील तर तुम्ही अलार्म कुठे लावायचा हेच सांगू शकणार नाही. पिकवताना साधारण १६ ते १८ अंश ठेवतात, आर्द्रता ९० ते ९५ टक्के, आणि पहिले चोवीस तास १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १००) आसपास इथिलीन, म्हणजे फळ पिकवणारा वायू. पिकणारं केळ स्वतः गरमी सोडतं आणि कार्बन डायऑक्साइडही सोडतं, म्हणून मधूनमधून हवा बदलावी लागते. १३ अंशांच्या खाली गेलं की साल राखाडी-काळपट पडते आणि मग ते केळ कितीही पिकवलं तरी पिवळंधमक होत नाही. म्हणजे इथे खालच्या बाजूचा अलार्म वरच्या बाजूइतकाच महत्त्वाचा, हे पहिल्यांदा ऐकल्यावर मला खरं वाटलं नव्हतं. बाहेर मे महिन्यात ४५ अंशांचं ऊन, आणि आपण काळजी करतोय थंडीची!

तापमानाचे सेन्सर बहुतेक पीटी-१०० असतात, म्हणजे गरम होईल तसा ज्यांचा रोध वाढतो असे. शून्य अंशाला १०० ओहम, आणि पुढे प्रत्येक अंशाला सुमारे ०.३९ ओहम वाढ. एवढी वाढ बारीक आहे, म्हणून दोन वायरींवर सेन्सर लांब नेला तर वायरीचा रोधही त्यात मिसळतो. वायरीच्या जाण्या-येण्यात मिळून २ ओहम पडले तर आकडा पाच अंशांनी जास्त येतो. मग कंट्रोलरला वाटतं गरम आहे, कॉम्प्रेसर चालतच राहतो आणि केळी गारठते. तीन वायरींचा सेन्सर घ्या, म्हणजे कंट्रोलर वायरीचा रोध वजा करू शकतो. तिसरी वायर खरोखर जोडा, पॅनलमध्ये मोकळी लटकत ठेवू नका. मी तशा लटकलेल्या वायरी दोनदा पाहिल्या आहेत. दोन्ही वेळा वायरमन म्हणाला, "एक जास्तीची होती, दादा."

खोल्यांमधले कंट्रोलर एकमेकांशी आरएस-४८५ वर बोलतात, भाषा बहुधा मॉडबस. ही दोन तारांची लाइन एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी माळेसारखी न्यायची. एका जागेहून चार फाटे फोडायचे नाहीत. दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर. सगळं बंद करून ए आणि बी या दोन तारांमध्ये मल्टिमीटर लावला की ६० ओहमच्या आसपास यायला हवं. १२० आला तर एका टोकाचा राहिलाय, ४० आला तर कुणीतरी मधेच तिसरा घातलाय. व्हीएफडीच्या (पंख्याचा वेग बदलणाऱ्या यंत्राच्या) केबलशेजारून ही लाइन नेऊ नका. पंख्याचा वेग वाढला की आकडे गायब व्हायला लागतात, आणि तुम्ही सॉफ्टवेअर शोधत बसता.

मॉडबसच्या दोन खोड्या आधीच सांगून ठेवतो. पुस्तकात रजिस्टर (आकडा ठेवायचं घर) ४०००१ लिहिलेलं असतं, आणि सॉफ्टवेअरला ते शून्य हवं असतं. सगळे आकडे एका घराने सरकलेले दिसले की समजून जा. दुसरी खोड थंड खोलीतली. माझ्या एका कोल्ड स्टोअरेजमध्ये मालकाच्या मोबाइलवर तापमान आलं ६५५१.६ अंश. त्याने फोन केला, आवाज कापत होता. झालं होतं एवढंच, की कॉइल उणे २ अंशांवर होती. कंट्रोलर आकडा दहापट करून पाठवतो. उणे २.० म्हणजे उणे २०, आणि चिन्ह न बघता वाचलं की ते ६५५१६ दिसतं. सॉफ्टवेअरमध्ये एक टिक राहून गेली होती.

आता मोडेम. चेंबरच्या भिंती पफ पॅनलच्या, मधे फोम आणि दोन्हीकडून पत्रा. आत मोबाइलला नेटवर्क नसतं, मग मोडेमला कुठून येणार? मोडेमला एटी कमांडने (लॅपटॉपवरून टाइप करायच्या हुकमाने) सीएसक्यू, म्हणजे सिग्नलची ताकद, विचारला की शून्य ते ३१ मध्ये आकडा येतो. मशीन रूममध्ये मला ७ आला, म्हणजे उणे ९९ डीबीएम (सिग्नलचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं). शेडच्या बाहेर खांबाजवळ १९, म्हणजे उणे ७५. (९९ आला तर खूप चांगलं नेटवर्क समजू नका, त्याचा अर्थ काहीच कळत नाही असा आहे. फोरजी मोडेमात आरएसआरपी, म्हणजे फोरजी सिग्नलचं माप, बघणं जास्त खरं.) सगळ्यांना वाटतं अँटेना बाहेर लावून तिची केबल आत आणावी. पातळ अँटेना केबल मीटरमागे एक डेसिबल किंवा त्याहून जास्तच खाते. पंधरा मीटर नेलीत तर बाहेर मिळवलेलं आत येईपर्यंत बरंचसं संपलेलं असतं. त्यापेक्षा छोट्या वॉटरप्रूफ पेटीत मोडेमच बाहेर न्या, सावलीत, आणि तिथून आरएस-४८५ आत आणा. ती लाइन शेकडो मीटर आरामात जाते.

सिमच्या बाबतीत पोरं हमखास फसतात. जुना टूजी मोडेम आणि त्यात जिओचं सिम ही जोडी चालणार नाही, कारण जिओचं नेटवर्कच फोरजीपासून सुरू होतं. सिमवर पिन लॉक असेल तर तो आधी मोबाइलमध्ये घालून काढा. एपीएन, म्हणजे सिम ज्या दाराने इंटरनेटला जातं त्याचं नाव, बरोबर टाका. एम२एम (यंत्रांसाठीचं) सिम घेतलं तर त्याचा नंबर १३ आकडी असतो, आणि ठरवून दिलेल्या नंबरांपलीकडे त्यावर कॉल-एसएमएस होत नाहीत. म्हणजे अलार्मचा एसएमएस कुणाला जाणार हे सिम घेतानाच ठरवावं लागतं.

आणि साध्या सिमला बाहेरून पोहोचता येणारा स्वतःचा आयपी पत्ता बहुतेक वेळा मिळत नाही. एका पत्त्यामागे कंपनी हजारो गिऱ्हाइकं बसवते. त्यामुळे बाहेरून मोडेमला हाक मारायचा नाद सोडा. मोडेमनेच बाहेरच्या सर्व्हरशी व्हीपीएन (खासगी बोगदा) किंवा एमक्यूटीटी (निरोप पाठवायची पद्धत) जोडणी करून ठेवायची. कुणी पैसे भरून कायमचा पत्ता घेतलाच, तर मॉडबसचं ५०२ नंबरचं पोर्ट त्यावर उघडं ठेवू नका. मॉडबसला पासवर्ड नावाची गोष्टच माहीत नाही. ज्याला सापडेल तो तुमचा कॉम्प्रेसर बंद करेल.

माझी स्वतःची फजिती इथलीच. सिमचा एपीएन बदलणार होता. मी जळगावात, रात्रीचे अकरा, वाटलं आत्ताच बदलून ठेवू. सेव्ह दाबलं आणि स्क्रीन गोठली. नवा एपीएन दुसऱ्या दिवशी सुरू होणार होता, हे मी वाचलंच नव्हतं. जी फांदी धरून बसलो होतो तीच कापली. बाइक काढली, भुसावळमार्गे सावदा. वाटेत डोळ्यांसमोर काळी पडलेली केळी. पोहोचलो तर वॉचमन खाटेवर, आणि चेंबरच्या डिस्प्लेवर १६.५. कंट्रोलरला मोडेम गेल्याचा पत्ताही नव्हता. काकांना सकाळी सांगितलं तर ते काहीच बोलले नाहीत, फक्त चहाचे पैसे मला द्यायला लावले.

तेव्हापासून लांबून नेटवर्कची सेटिंग बदलायची असेल तर आधी मोडेममध्ये टायमर लावतो: दहा मिनिटांत मी परत येऊन 'ठीक' म्हटलं नाही तर जुनी सेटिंग आपोआप यावी. ज्या मोडेममध्ये ही सोय नाही, त्याची सेटिंग मी साइटवर जाऊनच बदलतो, कितीही ऊन असो.

मोडेम अडकतातच, मग ते कितीही महागाचे असोत. म्हणून कंट्रोलरच्या एका रिलेवरून मोडेमचा सप्लाय घ्या, पण रिलेच्या एनसी संपर्कावरून, म्हणजे रिलेला वीज नसताना जो जोडलेलाच असतो त्यावरून. मग कंट्रोलरच गेला तरी मोडेम चालू राहतो. अर्धा तास बाहेर उत्तर मिळालं नाही तर दहा सेकंद सप्लाय तोडायचा, असा नियम मी ठेवतो. दर पाच मिनिटांनी तोडणारा नियम एकाने लावला होता. टॉवर बंद पडला त्या दिवशी बिचाऱ्या मोडेमला उठून नेटवर्क शोधायलाही वेळ मिळेना.

लाइट गेल्याचा निरोप द्यायचा असेल तर कंट्रोलर आणि मोडेम दोघांनाही २४ व्होल्टची बॅटरी पाहिजे. हे इतकं उघड आहे, तरी अर्ध्या साइटवर नसतं. लाइट जाते आणि लाइट गेली हे सांगणाराही सोबत जातो. घड्याळाची बटन बॅटरी तपासा, आणि वेळ भारताची आहे का बघा. एका ठिकाणी कंट्रोलर इंग्लंडच्या वेळेवर राहिला होता. हवा बदलण्याचा पंखा आठवडाभर साडेपाच तास उशिरा सुरू होत होता.

सगळ्यात गंभीर गोष्ट वेगळीच आहे. लांबून पंखा सुरू करता येतो, तेव्हा त्या पंख्यावर कुणाचा हात असू शकतो. पॅनलवर लोकल-बंद-रिमोट असा फिरवायचा स्विच हवा, आणि तो वायरिंगमध्येच असायला हवा. सॉफ्टवेअरमधल्या बटणावर भरवसा नको. स्विच 'बंद'वर असला की मोबाइलवरून कुणी कितीही दाबलं तरी काही हलता कामा नये. आणि कार्बन डायऑक्साइड साठलेल्या खोलीत दार उघडताच आधी एक्झॉस्ट लागला पाहिजे, माणूस नंतर. ही दोन कामं मी मालकाने पैसे दिले नाहीत तरी करतो, आणि नको म्हणाला तर काम सोडतो. एकदा सोडलं आहे.

अलार्मबद्दल एवढंच, की कमी ठेवा. दार उघडं, पंखा थांबला, तापमान अर्ध्या अंशाने वर, अशा प्रत्येक गोष्टीला एसएमएस लावला की तिसऱ्या दिवशी मालक मोबाइल गप्प करून झोपतो. गाडी भरताना दार उघडंच असतं, म्हणून वरच्या तापमानाच्या अलार्मला मी वीस मिनिटं थांबायला लावतो. खालच्याला पाचच.

शिकायचं काय, असं विचारतात. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन असाल तर मॉडबस आणि थोडं नेटवर्किंग शिका. डिप्लोमा-इंजिनिअरिंगवाले असाल तर फेरूल (वायरीच्या टोकाची नळी) नीट दाबायला आणि ग्लँड (पॅनलमध्ये शिरणारी केबल धरणारा तुकडा) घट्ट करायला शिका. दुसरं काम जास्त अवघड आहे, तिथे वायरमनसमोर कमीपणा वाटतो. यूएसबी ते आरएस-४८५ चा कन्व्हर्टर आणि जुना पीटी-१०० घेऊन घरच्या टेबलावर सुरुवात होते. बर्फाच्या पाण्यात सेन्सर बुडवला आणि लॅपटॉपवर शून्य आलं, की तुम्ही कामाला लागलात.

आणि पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा, मराठीत. कुठला दिवा लागलेला असावा, कुठला लुकलुकला तर काय, कुणाला फोन करायचा. मी मोडेमचे दिवे वरून पहिला, दुसरा, तिसरा असे लिहितो. इंग्रजी नावं कुणी वाचत नाही. मागच्या पावसाळ्यात रात्री दोनला धुळ्याच्या अवधान एमआयडीसीतल्या थंड गोदामातून वॉचमनबाबांचा फोन आला.

"भाऊ, तिसरा दिवा लुकलुक करी ऱ्हायना. बाकीना दोन चालू शेतस."

तिसरा लुकलुकतोय, बाकीचे दोन चालू आहेत, असं ते अहिराणीत सांगत होते. तिसरा म्हणजे नेटवर्क. मी विचारलं, "आतला आकडा काय दाखवतोय?"

"चार शे."

म्हणजे चार आहे. चारच पाहिजे होता. म्हटलं, "बाबा, झोपा. सकाळी बघतो."