आंबोलीच्या जंगलात फांदीला हात लावण्यापूर्वी

पावसाळ्यात आंबोलीच्या रानात पाठीवर सॅक घेऊन हिंडताना निसरड्या वाटेवर तोल गेला की हात आपसूक शेजारच्या फांदीकडे जातो, आणि अशाच एखाद्या बुटक्या फांदीवर मलबार पिट वायपर, म्हणजे आपला चापडा हा विषारी साप, बेडकाची वाट पाहत तासन्‌तास निश्चल बसलेला असू शकतो. हिरवा, पिवळा, तपकिरी अशा रंगांमुळे तो शेवाळलेल्या सालीत सहज मिसळून जातो. त्याला मात्र डोळा आणि नाकपुडी यांमधल्या खळग्यामुळे आपल्या हाताची ऊब जाणवते. म्हणून आधाराला काठी बाळगावी आणि अंधारात विजेरीचा झोत टाकल्याशिवाय कशालाही हात लावू नये. दंश झालाच, तर जखम कापू वा चोखू नये, अंगठी काढावी आणि हात न हलवता तातडीने रुग्णालय गाठावे.