सौम्य हिवाळ्यातील मधपेटीची देखभाल

तापमान 14 अंशांच्या खाली उतरले की मधमाश्या एकमेकींना बिलगून गोळा बनवून राहतात. मात्र हिवाळा सौम्य असेल तर त्या दुपारच्या उन्हात बाहेर पडून विष्ठा टाकतात, पाणी आणतात आणि राणीमाशीही लवकर अंडी घालू लागते. ही वर्दळ पाहून निश्चिंत होऊ नये, कारण अळ्या वाढवण्यासाठी पोळ्याचा गाभा सुमारे 35 अंशांवर ठेवावा लागतो आणि बाहेर मकरंद नसल्याने साठवलेला मध कडक थंडीपेक्षाही वेगाने संपतो. म्हणून पेटी न उघडता दर दोन आठवड्यांनी मागील बाजूने किंचित उचलून वजनाचा अंदाज घ्यावा. हलकी वाटल्यास पातळ पाकाऐवजी घट्ट साखरेचा गोळा माश्यांच्या थव्यालगत ठेवावा. पातळ पाकाने आतला ओलावा वाढतो, आणि माझ्या मते कोरड्या थंडीपेक्षा ओलावाच अधिक घातक असतो. प्रवेशद्वार अरुंद करावे, मेलेल्या माश्या काडीने काढाव्यात. अळ्यांचे संगोपन अखंड चालू राहिल्यास व्हरोआ कोळीही (माश्या व त्यांच्या अळ्यांवर जगणारा बारीक परजीवी) वाढतच राहतो, त्यामुळे तळाच्या पाटावर पडलेले कोळी मोजत राहावे. चौकटी उचलून तपासणी करायचीच असेल, तर ती निवांत, उबदार दुपारी काही मिनिटांतच उरकावी.