“आता सगळे माझ्याबरोबर!” म्हटल्यावर हॉलमध्ये शांतता पसरते? या चुका टाळा

आधीच सांगतो, मी काही मोठा म्युझिशियन वगैरे नाही. पुण्यात चार नोकरीवाले मित्र मिळून वीकेंडला वाजवतो, सोसायटीचा थर्टी फर्स्ट, कुणाच्या ऑफिसची पार्टी, कॉलेजचं रियुनियन, असल्या ठिकाणी. आणि पहिली दोन वर्षं आमचं एकच रडगाणं होतं की गाणी सगळी हिट घेतोय, वाजवतोय पण बरं, तरी कोरस आला आणि माईक लोकांकडे वळवला की समोरून फक्त चमचे-प्लेटांचा आवाज येतो. तेच गाणं मध्यंतरात साउंडवाल्याने मोबाईलवरून लावलं की तीच माणसं घसा फाडून गातात. अपमान म्हणजे किती!

मग जरा कान देऊन ही गाणी परत ऐकायला बसलो तेव्हा कळलं की ज्या रॉक गाण्यांवर स्टेडियम गातं ना, त्यात समोरच्यासाठी जागा मोकळी सोडलेली असते, आणि आम्ही इमानदारीत ती जागाच भरून टाकत होतो. कुठे ड्रमने, कुठे गिटारने, कुठे नुसत्या उत्साहाने.

भारी गाणं म्हणजे गायचं गाणं, हा गैरसमज

हे पटकन सांगून टाकतो. लेड झेपेलिनचं स्टेअरवे टू हेवन १९७१ चं, आठ मिनिटांचं, ड्रम यायलाच चार मिनिटं जातात. गिटारवाल्यांचं दैवत आहे ते, मान्य, पण लोक ते डोळे मिटून ऐकतात, गात नाहीत. तुमच्या आवडत्या पंधरा गाण्यांतली पाच-सहाच सगळ्यांनी गाण्याजोगी निघाली तर वाईट वाटून घेऊ नका. आणि दुसरं, “जुनं आहे म्हणून लोक गातात” हेही अर्धंच खरं. व्हाइट स्ट्राइप्सचं सेव्हन नेशन आर्मी २००३ चं, म्हणजे क्लासिक म्हणावं का यावर आमच्यातच वाद, पण बेल्जियमच्या क्लब ब्रुजच्या फुटबॉल फॅन्सनी त्याची रिफ (म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा वाद्याचा छोटा तुकडा) उचलली आणि २००६ च्या वर्ल्ड कपपर्यंत अख्खी इटली ती गात होती. शब्द नाहीतच त्यात, नुसतं पो-पो-पो. आठवणींचा काही संबंध नाही, सात सूर आणि लक्षात राहणारा ठेका, बस.

वी विल रॉक यू ला ड्रम लावणं

ही आमची सगळ्यात मोठी चूक आणि ही बहुतेक सगळे बँड करतात. आमचा ड्रमर बिचारा म्हणायचा, मी काय करू मग, हात बांधून बसू? हो, बसायचं!

गोष्ट अशी आहे की १९७७ मध्ये इंग्लंडमध्ये स्टॅफर्डजवळच्या बिंगली हॉलला हे गाणं ज्यांचं त्या क्वीन बँडचा शो संपला तरी लोक जाईनात, बँड आत गेल्यावर सगळ्या पब्लिकने मिळून फुटबॉल मॅचला गातात ते यू विल नेव्हर वॉक अलोन गायला सुरुवात केली. गिटारिस्ट ब्रायन मेच्या डोक्यात ते राहिलं, की या लोकांना गायचंय तर त्यांना करता येईल असं काय देता येईल. खेटून उभा असलेला माणूस काय करू शकतो? पाय आपटू शकतो, टाळी वाजवू शकतो आणि ओरडू शकतो. तेवढ्यातच गाणं बसवलं. लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत, जी मुळात चर्चची इमारत, तिथे फळ्यांवर पाय आपटून आणि टाळ्या वाजवून रेकॉर्ड केलं, तेच आवाज पुन्हा पुन्हा एकावर एक चढवले, थोडे थोडे उशिराने, म्हणजे दोन-चार माणसांची गर्दी वाटावी. मे साहेब फिजिक्सवाले (पुढे २००७ मध्ये खगोलशास्त्रात डॉक्टरेट पूर्ण केली), त्यामुळे तो उशीर किती असावा याचंही त्यांनी गणित मांडलं होतं. गाण्यात ड्रमसेट नाही, बेस नाही, गिटारसुद्धा शेवटी येते. गाणं दोन मिनिटांचं!

आता यात तुम्ही ड्रम, बेस, कीबोर्ड सगळं भरलंत तर लोकांनी करायचं काय? ते ऐकत बसतात. ड्रम काढा, लोक आपोआप पाय आपटतात.

यातलीच उपचूक म्हणजे स्पीड. मूळ लय मिनिटाला साधारण ८१ ठोक्यांची आहे, म्हणजे चांगलीच संथ, आपण एक्साइट होऊन शंभरच्या पुढे नेतो आणि मग दोन पाय-एक टाळी यानंतरची जी रिकामी जागा असते तीच गायब होते, लोकांना पाय उचलायला वेळ तरी पाहिजे ना. आणि मोठ्या ग्राउंडवर वाजवत असाल तर अजून एक गंमत. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे १०० मीटर मागच्या माणसाची टाळी स्टेजवर यायला ०.३ सेकंद, आणि आपला आवाज त्याच्यापर्यंत जायलाही तेवढेच. तुम्ही त्या टाळ्या ऐकून वाजवायला लागलात की गाणं हळूहळू मंदावत जातं आणि सगळ्यांना वाटतं की ड्रमर झोपला. टाळ्या ऐकू नका, मॉनिटर (स्टेजवरचा आपल्याकडे तोंड केलेला स्पीकर) ऐका, किंवा एकाने सगळ्यांना दिसेल असा हात वर करून ठेका द्या. हात दिसायला उशीर लागत नाही.

पट्टीचा घोळ

लिव्हिन ऑन अ प्रेयर, बॉन जोवी, १९८६. कोरस पांढरी पाचमध्ये (पेटीच्या पट्ट्या सांगतोय) चालू असतो आणि शेवटचा कोरस डायरेक्ट काळी पाचवर उडी मारतो. त्यात ती उडी मारताना आधीच्या आवर्तनात चारऐवजी तीनच मात्रा आहेत, म्हणजे सम एक मात्रा आधी येते. ऐकताना कळतही नाही, नुसतं अंगावर काटा येतो, पण वाजवताना आमचा बेसवाला दरवेळी तिथे दरीत पडायचा. रियाजात ती एकच जागा वीस वेळा करा, बाकीचं गाणं आपोआप होतं.

आता पट्टी. पहिली चूक म्हणजे मूळ पट्टीच धरून बसणं, गायकाचा आवाज फाटतो आणि तो फाटला की लोक दयेने गप्प बसतात. मग दुसऱ्या टोकाची चूक, जी मी केली, एकदम गिटारची पाच घरं खाली आणलं. आवाज मस्त लागला, आणि गाणं मेलं. अगदी संध्याकाळचं अंगाईगीत.

याचं कारण मला नंतर एका अभ्यासात सापडलं. पॉली आणि म्युलेनसीफेन या दोघांनी उत्तर इंग्लंडमधल्या ५ ठिकाणी ३० रात्री बसून मोजलं की कुठल्या गाण्याला किती लोक गातात (काय नशीब, पबमध्ये बसून रिसर्च). २०१२ मध्ये तो छापून आला. त्यात निघालं की पुरुषाचा वरच्या पट्टीतला छातीतून काढलेला आवाज, त्यात लागलेला जोर ऐकू येणं, उच्चार स्पष्ट आणि हरकती-मुरक्या कमी, असं असलं की लोक जास्त गातात. म्हणजे तो जो ताण आहे तोच निमंत्रण आहे! गायक जीव खाऊन ओरडतोय म्हटल्यावर आपल्यालाही ओरडायला हरकत नाही असं समोरच्याला वाटतं, सुरात नसलं तरी चालतंय असं वाटतं, हे आपलं माझं म्हणणं. आणि अशा गाण्यांत बायकांना त्याच सुरात आरामात गाता येतं, पुरुषांना जोर लावावा लागतो, दोघंही एकाच जागी भेटतात. तुम्ही फार खाली आणलंत की बायकांचा आवाज तळाला लागतो आणि अर्धा हॉल गेला.

म्हणून दोन घरं खाली, फार तर तीन. पांढरी चारवरून सुरू करा, उडी काळी चारवर जाईल, जरा ताण राहील आणि गायकही जिवंत राहील. पट्टी बदलणं म्हणजे चीटिंग वाटत असेल तर ऐका, हॉटेल कॅलिफोर्निया आधी ई मायनरमध्ये होतं, गायक डॉन हेनलीला ते जमेना म्हणून ईगल्स बँडने स्वतःच बी मायनरला नेलं. तुमच्या हॉस्टेलवरचा तो मित्र सातव्या घरात कापो (पट्टी वर नेणारा गिटारचा चिमटा) लावून का वाजवायचा, तर म्हणून.

कोरसची वाट बघत बसणं

डोन्ट स्टॉप बिलिव्हिन, जर्नी, १९८१. यातली जी ओळ सगळ्यांना पाठ आहे ती येते कधी? तीन मिनिटं उलटून गेल्यावर! चार मिनिटांच्या गाण्यात. म्हणजे लोकांना तोपर्यंत धरून ठेवतं ते पियानोचं सुरुवातीचं वळण, आणि ते तेव्हा आमच्याकडे कीबोर्ड नव्हता म्हणून आम्ही गाळायचो. पियानो नसेल तर गिटारवर वाजवा, तोंडाने गा, पण गाळू नका. आणि शब्दांचा अर्थ समजावून सांगण्याच्या भानगडीत पडू नका. त्यात साउथ डेट्रॉइटचा उल्लेख आहे, आणि डेट्रॉइट शहराच्या दक्षिणेला नदी ओलांडली की चक्क कॅनडा लागतो. कुणाचं काय अडलं? आपण आरतीतल्या किती ओळींचा अर्थ लावून गातो? येई हो विठ्ठलेला तो “ये” कुठे आणि किती ओढायचा हे कुणी शिकवलेलं नसतं, पण अख्खी आळी एकदम ओढते.

माईक उलटा केला की झालं?

नाही होत. इथे गुरू एकच, क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी, जो लहानपणी आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये बोर्डिंगला होता आणि तिथल्या द हेक्टिक्स नावाच्या शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवायचा. १३ जुलै १९८५, लंडनचं वेम्बली स्टेडियम, लाइव्ह एड नावाचा मदतनिधीचा शो, समोर ७२,००० लोक. त्याचं ते “ए-ओ” नीट बघा. आधी अगदी छोटा तुकडा देतो, थांबतो, लोकांकडून परत येऊ देतो, मग थोडा लांब, मग थोडा वाकडा. आणि तो खरंच थांबतो हो! आम्ही काय करायचो, माईक लोकांकडे करायचो आणि स्वतः मागून गातच राहायचो, किंवा एक सेकंद शांतता झाली की घाबरून गिटार सुरू. पहिल्यांदा शांतता होणारच, तेवढी सोसा. आणि शोच्या दुसऱ्या गाण्यातच माईक वळवू नका, लोकांचं अजून स्टार्टर संपलेलं नसतं.

गिटारवाल्यांनाही एक विनंती. लोक शब्दांइतकीच रिफ गातात, सोलो गातात. हॉटेल कॅलिफोर्नियाचा शेवटचा सोलो लोकांना सुरासूर पाठ आहे, तिथे स्वतःची कला दाखवली की चेहरे पडतात. नील डायमंडच्या स्वीट कॅरोलाइनमध्ये (१९६९, रॉक म्हणायला जरा गोडच आहे) ट्रम्पेटवगैरेंचा जो तुकडा आहे तो लोक तोंडाने गातात, बोस्टनच्या फेनवे पार्कला २००२ पासून बेसबॉलच्या प्रत्येक मॅचला आठव्या डावात हेच चालतं. तिथे बँडने थोडं हळू वाजवायचं. आमच्या सॅक्सवाल्याला हे पटायला सहा महिने लागले.

आणि शेवट कसा करायचा

बीटल्सचं हे जूड, १९६८, सात मिनिटांहून मोठं, त्यातला अर्ध्याहून जास्त भाग नुसता ना-ना-ना. न गाणाऱ्यालाही येतं, पहिल्या फेरीत शिकतो आणि तिसऱ्या फेरीत शेजाऱ्याला शिकवतो. प्रॉब्लेम एकच, रेकॉर्डवर ते हळूहळू विरत जातं, त्याला शेवटच नाही. आम्ही एकदा एकमेकांच्या तोंडाकडे बघत अकरा मिनिटं वाजवलं, शेवटी ड्रमरची काठी पडली म्हणून संपलं.

आता आम्ही असं करतो. रात्री १० ला स्पीकर बंद करायचा नियम आहेच, त्यामुळे हे गाणं बरोबर ९:५३ ला सुरू करायचं. ना-ना-ना नीट चढलं की आधी गिटार सोडते, मग बेस, मग ड्रमर फक्त टाळीवर येतो, आणि १० ला साउंडवाला मेन स्विच खाली करतो. आम्ही वायरी गुंडाळायला लागतो. मागच्या थर्टी फर्स्टला दोन केबल गुंडाळून झाल्या, कीबोर्ड बॅगेत गेला, तरी जिन्यावरून ना-ना-ना ऐकू येत होतं.