जिन्याखालची मांडणी करताना या चुका टाळा

मे महिन्यात आमच्याकडे कोकणात जिन्याखालची अडगळ बाहेर निघते आणि घराघरात ठरतं, यंदा इथे एक मांडणी ठोकूया. दोन दिवसांत ती ठोकलीही जाते. श्रावणात मला फोन येतात. वीस वर्षं मी असल्या बुटक्या, ओलसर जागांत गुडघ्यांवर बसून काम करतोय, पण तक्रारी त्याच त्या.

सगळ्यात वाईट खोड म्हणजे मांडणी भिंतीला आणि जमिनीला चिकटवणं. आमच्या वाडीतल्या एका घरात नव्याकोऱ्या प्लायची मांडणी केली होती. मागून प्लाय ठोकून बंद केलेली, पाय थेट लादीवर, पाठ जांभ्याच्या भिंतीला टेकलेली. जांभा पावसात पाणी पितो आणि ओल धरून ठेवतो. दुसऱ्या वर्षी गणपतीच्या आठ दिवस आधी समया आणि पाट काढायला गेले, तर खालची फळी एका बाजूने खचलेली. मी जाऊन बघितलं. बाहेरचा रंग शाबूत होता. पायावर अंगठा दाबला, तर तो सरळ आत गेला आणि आतून ओली माती भळभळ खाली पडली. वाळवी भिंतीच्या सांध्यातून मागच्या प्लायमध्ये शिरली होती आणि बंद पाठीमुळे वर्षभर कुणाला पत्ता नव्हता. पाटही गेले, आजोबांच्या वेळचे.

तेव्हापासून मी पाठ कधीच बंद करत नाही. भिंतीपासून दोन इंच मोकळे सोडतो आणि प्रत्येक पायाखाली कडप्प्याचा तुकडा ठेवतो. दुकानात कापून उरलेले तुकडे मिळतात. कडप्प्याने वाळवी थांबत नाही. पण तिला उघड्यावरून मातीची नळी बांधत चढावं लागतं आणि ती नळी दिसते. पायाचं खालचं कापलेलं तोंड सगळ्यात जास्त पाणी ओढतं, तिथे आधी काजूच्या टरफलांचं तेल दोनदा लावतो. हातमोजे घाला, त्या तेलाने कातडी सोलते. तेल मिळालं नाही तर ऑइलपेंट लावा, पण ते तोंड कोरं ठेवू नका.

दुसरी चूक लांब फळीची. "मध्ये पाय नको, डबे सरकवायला अडचण होते," असं म्हणून लोक १८ मिमीची फळी पाच फूट मोकळी सोडतात. तिच्यावर तांदळाच्या २५ किलोच्या दोन गोण्या आणि तेलाचा १५ किलोचा डबा, म्हणजे ६५ किलो झाले. फळी त्या दिवशी मोडत नाही, वाकत जाते, आणि एकदा बसलेला बाक वजन उतरवल्यावरही पूर्ण जात नाही. दर फुटाला तेवढंच वजन ठेवून दोन आधारांमधलं अंतर दुप्पट केलं, तर बाक सोळापट होतो. जाडी दुप्पट केली तर तो आठपटच कमी होतो. म्हणून जाड फळीवर पैसे घालू नका, पाय वाढवा. मी दर दोन फुटांवर आधार देतो आणि फळीच्या पुढच्या कडेला दोन इंचांची पट्टी उभी लावतो. आडवी लावलेली पट्टी नुसती शोभेची.

फळी स्क्रूवर टांगू नका. तिच्याखाली आडवी दांडी हवी आणि दांडी पायातल्या खाचेत बसलेली हवी, म्हणजे वजन लाकूड लाकडावर घेतं. खाच पाडायला अर्धा दिवस जातो, आणि नेमका तोच अर्धा दिवस नवशिक्यांना वाचवायचा असतो. यूट्यूबवर तासाभरात उभ्या राहिलेल्या मांडण्या मीही बघतो. त्यांच्यावर गोणी ठेवलेली मात्र कुणी दाखवत नाही.

मागे एक तिरपी पट्टी मारा. नाहीतर मांडणी डुलते आणि सांधे ढिले होतात.

प्लायवरचा "एमआर" शिक्का वाचून लोक ते पाण्याला टिकेल असं धरून चालतात. ते दमट हवेपुरतं असतं. या जागेत "बीडब्ल्यूआर" म्हणजे उकळत्या पाण्यालाही दाद न देणारं प्लाय घ्या, शक्य असेल तर "आयएस ७१०" शिक्क्याचं मरीन प्लाय. पार्टिकल बोर्ड आणूच नका, ओल लागली की फुगतो. मला विचाराल तर पाडलेल्या घराचे सागाचे किंवा फणसाचे वासे सगळ्यात चांगले, आटायचे तेवढे आटलेले असतात. करवत लावण्याआधी चुंबक फिरवून खिळे तेवढे शोधा.

आंब्याची फळी स्वस्त मिळते, पण तिला भुंगा लागतो.

अंगणात जोडून मग आत न्यायची घाई करू नका. सहा फूट उंच आणि दीड फूट खोल मांडणी आडवी आत नेऊन उभी करताना तिचा कर्ण सहा फूट सव्वादोन इंच लागतो, आणि वर जिन्याचा उतार असतो. उंची पुढून मोजा, मागूनही मोजा. मी सुटे भाग आत नेतो आणि तिथेच बसवतो.

पावसाळ्यात महिन्यातून एकदा सगळ्यात खालचा डबा बाजूला करून पायांपाशी बॅटरी मारा. कडप्प्यावरून चढणारी मातीची रेघ दिसली, तर नुसती झाडून मोकळे होऊ नका. ती भिंतीतून येते की लादीच्या सांध्यातून हे बघा, आणि वाळवीचं औषध तिथेच घाला.