आरसी ट्रक-ट्रॅक्टरला इंजिनचा आवाज बसवताय? या चुका टाळा

"भो, मॉड्यूल खराब निघालं, आवाजच देत नाही." जळगाव, भुसावळ, धुळे, कुठल्याही आरसीवाल्या, म्हणजे रिमोटच्या गाड्या चालवणाऱ्या, पोरांमधे जा, कोणी ना कोणी हे म्हणतंच. आणि मॉडेल उघडून बघितलं की बहुतेक वेळा मॉड्यूल, म्हणजे आवाज काढणारं सर्किट, ठणठणीत असतं, गडबड असते वायरिंगमधे, न्यूट्रलमधे (स्टिक सोडल्यावरची मधली जागा) नाहीतर स्पीकरमधे. मग चांगलं मॉड्यूल बाजूला टाकायचं, दुसरं मागवायचं, कुरिअरची वाट बघत बसायचं आणि दुसऱ्याचंही तेच झालं की आवाजाचा नादच सोडायचा. फार वाईट वाटतं असं बघून, कारण मुकी पळणारी गाडी आणि डिझेलचा ठोका देत निघालेली गाडी यात खरंच जमीन-अस्मानाचा फरक आहे.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा, बाकी सगळं तिच्यातूनच निघतं. गाडी चालतेय का उभी आहे हे साउंड मॉड्यूलला दिसत नाही. त्याला फक्त रिसीव्हरच्या (रिमोटचा सिग्नल पकडणारा गाडीतला भाग) थ्रॉटल चॅनलवरचा, म्हणजे वेगाच्या लाईनवरचा, सिग्नल कळतो. सेकंदाला साधारण ५० वेळा एक छोटा पल्स येतो, १००० ते २००० मायक्रोसेकंदांचा, मधे १५०० म्हणजे न्यूट्रल. पल्स १५०० च्या आसपास आहे तोवर इंजिन आयडलवर, म्हणजे उभ्या गाडीसारखं संथ, तिथून लांब गेला की आरपीएम वर. म्हणजे रिमोट आणि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) नीट सेट नसतील तर मॉड्यूल चुकीचंच वागणार, त्याचा काय दोष?

घेतानाच चूक

डीएफप्लेअर मिनी हा मेमरी कार्डावरच्या फाईली वाजवणारा छोटा बोर्ड स्वस्त आहे, सगळीकडे मिळतो, म्हणून बरेच जण तोच घेतात आणि मग विचारतात की थ्रॉटल वाढवला तरी इंजिनचा आवाज का वाढत नाही. नाहीच वाढणार. तो फक्त कार्डावरची फाईल वाजवतो, आवाजाचा वेग कमीजास्त करणं त्याला जमत नाही. हॉर्न, रिव्हर्सचा बीप, ट्रकमधलं गाणं यासाठी तो मस्त आहे. इंजिनसाठी मात्र थ्रॉटलप्रमाणे आरपीएम बदलणारं मॉड्यूल पाहिजे, तयार घ्या नाहीतर ईएसपी३२ या छोट्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या बोर्डवर स्वतः बनवा, त्याचा ओपन सोर्स प्रोग्रॅम नेटवर फुकट आहे आणि तो चांगला चालतो.

डीएफप्लेअरच वापरणार असाल तर कार्ड ३२ जीबीपर्यंतचं, फॅट३२ मधे फॉरमॅट केलेलं, आणि फाईलची नावं ०००१, ०००२ अशी चार आकडी, पण ते आकडे इंग्रजीत टाका. नुसत्या रूटमधे, म्हणजे फोल्डर न करता थेट कार्डावर, फाईली टाकल्या तर तो कॉपी केलेल्या क्रमाने वाजवतो, नावाच्या क्रमाने नाही, त्यामुळे हॉर्न दाबला की गाणं लागतं. त्याच्या आरएक्स (सिग्नल घेणाऱ्या) पिनच्या वायरमधे १ किलोओहमचा रेझिस्टर टाका, स्पीकरमधली बारीक चरचर त्याने बरीच कमी होते.

आधी गाडी मुकीच नीट चालवा

क्रम असा ठेवा. रिमोटवर थ्रॉटलचा ट्रिम (न्यूट्रल थोडं सरकवणारं बटण) शून्यावर, मग रिव्हर्स आणि एंडपॉइंट (सिग्नल कुठवर जाईल ती हद्द) सेट करा, मग ईएससी कॅलिब्रेट करा, म्हणजे त्याला रिमोटची मधली आणि टोकाची जागा ओळखू द्या, गाडी पुढे-मागे बरोबर चालतेय ना बघा, आणि हे सगळं झाल्यावरच मॉड्यूलला सिग्नल शिकवा. नंतर कधी ट्रिम हलवला किंवा चॅनल रिव्हर्स केला तर मॉड्यूल परत शिकवायचं. स्टिक सोडली तरी इंजिन आयडलला येत नाही, रेस होऊनच उभं राहतं अशी तक्रार असेल तर दुसरं काही शोधायच्या आधी ट्रिम बघा.

आपल्याकडे विमानवाला फ्लायस्काय एफएस-आय६ रिमोट बऱ्याच जणांकडे असतो. मोड २ मधे (थ्रॉटल डाव्या हाताला असलेली मांडणी) त्याची थ्रॉटलची डावी स्टिक स्प्रिंगने मधे येत नाही, जिथे सोडाल तिथेच राहते. गाडीला ती कामाची नाही. ईएससी चॅनल ३ वरून काढून चॅनल २ वर लावा, म्हणजे उजवी स्टिक पुढे-मागे केली की गाडी चालते आणि सोडली की बरोबर मधे येते. हॉर्न, इंजिन चालू-बंद वगैरे चॅनल ५ आणि ६ वर घ्यायचं आणि ऑक्स (जादाच्या) चॅनलच्या मेनूत जाऊन त्यांना कुठलं स्विच द्यायचं ते ठरवायचं, नाहीतर ते गोल नॉबवर राहतात आणि नॉबवर हॉर्न वाजवणं वैतागाचं काम आहे.

चालू करताना आधी रिमोट, स्टिकला हात न लावता, मग गाडी. बरीच मॉड्यूल सुरू होताना जो पल्स मिळेल त्यालाच न्यूट्रल धरतात, त्या क्षणी तुमचा अंगठा स्टिकवर असला की पुढचा सगळा खेळ बिघडला.

ब्रेकचं एक वेगळंच आहे. पुष्कळ ईएससीत स्टिक पहिल्यांदा मागे ओढली की ब्रेक आणि सोडून परत ओढली की रिव्हर्स असं असतं. मॉड्यूलला ते माहीत नसलं की नुसता ब्रेक मारला तरी रिव्हर्सचा बीप सुरू होतो. मॉड्यूलच्या सेटिंगमधे याचा पर्याय असतो तो ईएससीशी जुळवा. आणि गाडी पुढे जाताना बीप वाजत असेल तर मॉड्यूलला सिग्नलची दिशा उलटी कळलीय, ते परत शिकवा.

विजेच्या भानगडी

इथे सामान जळतं म्हणून नीट वाचा. टू-एस लिपो (दोन सेलची लिथियम बॅटरी) फुल चार्ज असते तेव्हा ८.४ व्होल्ट देते. डीएफप्लेअरला ५ च्या वर चालत नाही, पीएएम८४०३ ॲम्प्लिफायरला ५.५ च्या वर. थेट जोडलं की क्षणात गेलं.

दुसरा प्रकार जास्त फसवा आहे. सगळं ईएससीच्या छोट्या बीईसीवर (बॅटरीचे व्होल्ट कमी करून रिसीव्हर वगैरेला देणारा भाग) टाकलेलं असतं, रिसीव्हर, स्टिअरिंग फिरवणारी छोटी मोटर म्हणजे सर्वो, लाइटी, वर साउंड मॉड्यूल. ५ व्होल्टवर ४ ओहमचा स्पीकर जोरात वाजताना ॲम्प्लिफायर झटक्यात १ अँपिअरच्या वर खेचू शकतो, त्याचवेळी सर्वो अडला की बीईसीचा व्होल्टेज खाली बसतो आणि रिसीव्हर रीस्टार्ट होतो. दिसतं काय, तर वळताना हॉर्न मारला की गाडी एक क्षण मरते आणि इंजिन परत स्टार्ट होण्याचा आवाज येतो. लोक रेंज गेली म्हणून अँटेना बदलत बसतात! वेगळा ५ व्होल्ट ३ अँपिअरचा यूबीईसी, म्हणजे सुटा बीईसी, घ्या, बॅटरीवरून त्याला वीज द्या आणि त्याच्यावर फक्त मॉड्यूल चालवा. मग थ्रॉटलचा सिग्नल ईएससी आणि मॉड्यूल दोघांना वाटणाऱ्या वाय केबलमधून मॉड्यूलकडे जाणारी लाल वायर काढून टाका, कारण दोन बीईसी एकमेकांना जोडायचे नसतात. काळी वायर मात्र राहू द्या, ग्राउंड सगळ्यांचा एकच लागतो, नाहीतर सिग्नल कळतच नाही आणि मॉड्यूल एकतर गप्प बसतं नाहीतर वेड्यासारखं रेस होतं.

काही जण यूबीईसीचे पैसे वाचवायला लिपोच्या बॅलन्स वायरमधून (चार्जिंगला प्रत्येक सेलची वेगळी वायर असते ती) एकाच सेलची वीज घेतात. करू नका. तो सेल दुसऱ्यापेक्षा लवकर उतरतो आणि पूर्ण पॅक वाया जातो. आणि ईएससीचा लो-व्होल्टेज कटऑफ (बॅटरी उतरली की बंद करणारी सोय) फक्त मोटर थांबवतो हेही लक्षात ठेवा, मॉड्यूल बॅटरी पीतच राहतं. गाडी थांबली, इंजिन आयडलला वाजतंय, ऐकायला छान वाटतंय, आणि तिकडे सेल ३ व्होल्टच्या खाली चाललाय. गाडी थांबली की बॅटरी काढा.

आवाज बारीक येतो? डब्बा बघा

स्पीकर नुसता चेसिसवर चिकटवला तर पडद्याच्या मागून निघणारा आवाज पुढच्या आवाजाला मारतो, विशेषतः जाड आवाज पूर्ण जातो आणि डिझेल इंजिनच्या जागी मच्छर गुणगुणल्यासारखं येतं. मग लोक व्हॉल्यूम वाढवतात, मोठा ॲम्प्लिफायर आणतात, पैसे जातात. स्पीकरच्या मागे हवाबंद डब्बा पाहिजे, बास. वायरचं भोकसुद्धा बुजवा. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे जुन्या लॅपटॉपचा किंवा टीव्हीचा स्पीकर, तो स्वतःच्या डब्यातच येतो. जळगावात गोलाणी मार्केटकडे रिपेअरिंगवाल्यांकडे विचारून बघा.

४ ओहमचे दोन स्पीकर पॅरलल जोडले की २ ओहम होतात आणि छोटा ॲम्प्लिफायर तापून बसतो. दोन लावायचेच असतील तर ८-८ ओहमचे पॅरलल लावा. दोघांची दिशा एकच पाहिजे, १.५ व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा, दोन्हीचे पडदे बाहेर आले पाहिजेत. एक आत आणि एक बाहेर जात असेल तर दोन स्पीकर लावून एकापेक्षा कमी आवाज येतो. आणि या ॲम्प्लिफायरमधे स्पीकरची कुठलीही वायर ग्राउंडला जोडायची नसते, दोन्ही वायरी आउटपुटच असतात.

आवाज एडिट करायच्या ॲपमधे बेस वाढवून फायदा नाही, एवढ्याशा स्पीकरमधून खालचे सूर निघतच नाहीत, फक्त तो फाटतो. उलट १५० हर्ट्झच्या खालचं कापून टाका, मग डिझेलचा जो टक-टक ठोका असतो तो उठून येतो, आणि कानाला इंजिन ओळखू येतं ते त्या ठोक्यानेच.

आपल्या गावचा आवाज टाकताना

मला सगळ्यात आवडणारं काम हेच. तयार मॉड्यूलमधे जर्मन-अमेरिकन ट्रक असतात, पण सावदा-रावेरकडून केळी भरून निघालेल्या ट्रकचा आवाज, त्याचा प्रेशर हॉर्न, पोळ्याच्या आधी वावरात चाललेला ट्रॅक्टर, हे आपणच रेकॉर्ड करायला पाहिजे. फोन सायलेन्सरला चिकटवू नका, आवाज फाटतो, दोन-तीन मीटरवर धरा, वाऱ्याकडे पाठ करून, आणि आजूबाजूला कोणी बोलणार नाही असं बघा. आयडल अर्धा मिनिट तरी घ्या.

मग खरी मेख. आयडल म्हणजे एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा वाजतो. तो कुठेही कापला की लंगडतो. ट्रॅक्टर ३ सिलिंडरचा असेल तर क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या) दोन फेऱ्यांत तिन्ही सिलिंडर एकेकदा पेटतात, ७५० आरपीएमला या दोन फेऱ्यांना १६० मिलिसेकंद लागतात. तिन्ही ठोके हुबेहूब सारखे नसतात, म्हणून तुकडा ३ च्या पटीतच कापायचा, ३, ६, ९, १२ ठोके. ४ सिलिंडरला ४ च्या पटीत. ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या प्रोग्रॅममधे झूम केलं की ठोके डोळ्याने मोजता येतात. सुरुवात आणि शेवट दोन्ही लाट मधल्या रेषेला जिथे छेदते तिथेच ठेवा, आणि दोन्हीकडे लाट एकाच दिशेने जात असली पाहिजे, नाहीतर प्रत्येक फेरीला टिक असा आवाज येतो. लूपसाठी एमपी३ अजिबात नको, त्या फॉरमॅटमधे फाईलच्या सुरुवातीला आणि शेवटी बारीकशी शांतता घुसते आणि इंजिन उचकी देतं. वेव्ह फाईल ठेवा, ईएसपी३२ वाल्यांनी मोनो, ८ बिट, २२०५० हर्ट्झ.

घरघर, ऊन आणि वाळू

थ्रॉटलबरोबर स्पीकरमधे वेगळीच किणकिण वाढत असेल तर तो ब्रश मोटरचा विजेचा कचरा आहे. मोटरवर १०४ नंबरचे तीन सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर करा, एक दोन्ही टर्मिनलच्या मधे आणि उरलेले दोन एकेका टर्मिनलपासून बॉडीला. स्पीकरच्या आणि मोटरच्या वायरी एकत्र बांधू नका, आणि रिसीव्हरच्या अँटेनाचं शेवटचं ३१ मिलिमीटरचं उघडं टोक ॲम्प्लिफायरपासून लांब, सरळ ठेवा.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला जातो, उन्हात उभ्या कारच्या आत तर त्याहून कितीतरी जास्त. ग्लूगनचा डिंक तिथे मऊ पडतो, डब्याची फट उघडते आणि काल चांगला असलेला आवाज आज चपटा येतो. डब्बा सिलिकॉनने नाहीतर एपॉक्सीने बुजवा. लिपो तर कारमधे ठेवूच नका. गिरणेच्या नाहीतर तापीच्या वाळूत गाडी चालवणाऱ्यांनी स्पीकरच्या तोंडावर पातळ कापड ताणून लावा, वाळूतले काळे लोहकण चुंबकाला ओढले जातात आणि एकदा पडद्यामागे गेले की खरखर कायमची.

एवढं करून गप्पच असेल तर

स्पीकर मॉड्यूलपासून सोडवा आणि त्याच्या वायरींना १.५ व्होल्टचा सेल टेकवा, खट्ट वाजला तर स्पीकर जिवंत. मीटर लावून मॉड्यूलच्या पिनांवरच व्होल्टेज मोजा, बॅटरीवर नाही, आणि हॉर्न वाजवायचा प्रयत्न करताना मोजा, नुसतं उभं असताना सगळं ठीकच दिसतं. मग रिसीव्हर बाजूला काढून मॉड्यूलला सर्वो टेस्टर (रिमोटशिवाय सिग्नल देणारं छोटं यंत्र) लावा, तो स्वस्त असतो आणि तोच पल्स देतो. त्याचा नॉब मधे ठेवून मॉड्यूल चालू करा, हळूहळू फिरवा. इंजिन वाजलं तर बिघाड रिमोट, रिसीव्हर किंवा वाय केबलमधे आहे, तिकडे शोधा. स्पीकर चांगला, पिनांवर पूर्ण ५ व्होल्ट, टेस्टरचा सिग्नल बरोबर आणि तरीही काही नाही, तेव्हाच मॉड्यूल खराब म्हणा आणि दुसरं मागवा.